कुंडलिक-सोपानचा शेवटचा भाग

कुंडलिकनं सोपानचा हात सोडला आणि तेवढ्यात फोन वाजला. मालिका फोनवरच चालली होती, त्यामुळं विमानतळाची काच, काचेपलीकडचं विमान आणि सोपानचे भरून आलेले डोळे हे सगळं एकदम बाजूला ढकललं गेलं आणि त्या जागी ‘बिरू तात्या निरवांगी’ अशी अक्षरं आली. ऋषिराजनं ती वाचली, पण लगेच फोन उचलला नाही. दुकानात दुपारची सुस्ती होती. मागच्या खोलीतलं मशीन कुणाच्या तरी वाढदिवसाचं तोंड ओळीओळीनं बाहेर सोडत होतं. आधी फेटा, मग कपाळ, मग गॉगल. शाईचा घशाला चिकटणारा वास आता त्याला येत नसे. रविवारी लोणी भापकरला घरी गेलं की आई म्हणायची, तुझ्या कपड्यांना रॉकेलसारखा वास येतो, तेव्हा आठवण व्हायची. बारामतीतल्या या फ्लेक्सच्या दुकानात तो काही वर्षं माणसं कापायचं काम करत होता. लोकांनी पाठवलेल्या फोटोंतून हवा तेवढा माणूस कापून काढायचा. मागची भिंत, मागचा ट्रॅक्टर, शेजारची बायको, कडेवरचं पोर पुसून टाकायचं. आणि मग त्या माणसाला अशा माणसांशेजारी उभं करायचं, ज्यांच्या शेजारी तो आयुष्यात कधी उभा राहिलेला नसतो. यात तो तरबेज होता. दुकानाचे मालक बापूसाहेब गिऱ्हाइकांना सांगत, आमचा ऋषी केसन्‌केस सोडवतो. आणि आता फोन उचलल्यावर तात्या म्हणत होते,

“ऋषी, आरं तुझ्या त्या कंप्युटरला हात कापता येत न्हाय का?”

“कसला हात, तात्या?”

“कसला म्हंजी? फ्लेक्सवर नवरदेवाच्या खांद्यावर हात हाय कुणाचा तरी. नुसती बोटंच. मागं माणूस न्हाय. आज ध्यानात आलं कुणाच्या तरी, सकाळधरनं स्टँडवर लोक चहा पिता पिता त्येच बघत्यात. आमच्या व्याह्याचा फोन आला, म्हणं, पाव्हणं, जावयाच्या खांद्यावर कुणाचं भूत बसवलंय? हसत हुता त्यो. मला न्हाय हसू आलं. आमची सारजा, यशाची आई, तर तवापसनं जेवली न्हाय. तिला वाटतंय, अपशकुन झाला.”

“मी येतो, तात्या. वरनं ठिगळ लावतो. आत्ता निघतो.”

“ये. आन जेवायलाच ये. सारजेला म्हणतो, ऋषी आला की दोघं जेवा.”

फोन ठेवल्यावर विमानतळ परत आला. पण कुंडलिक आणि सोपान हलेनात. मधोमध ते पांढरं वर्तुळ

गोल फिरतंय.

फिरत राहिलं आणि कुंडलिकचा सुटलेला हात हवेत तसाच राहिला. त्यांची खरी नावं अर्थात कुंडलिक आणि सोपान नव्हती. मालिका तिकडं बँकॉककडची, हिंदीत आवाज भरलेली. दोन पोरांच्या प्रेमाची. नावं अशी, की जीभ वळायची नाही, आणि वळली तरी पहिलं कुठलं आणि दुसरं कुठलं हे ध्यानात राहायचं नाही. जो उंच, जरा वाकून चालणारा होता त्याला बघून तात्यांचा पोरगा यशराज म्हणाला होता, ह्यो तर आपल्या मेसमधला कुंडलिक. कॉलेजच्या मेसमध्ये खरंच कुंडलिक नावाचा वाढपी होता, आमटीची बादली घेऊन असाच वाकून चालायचा. मग कुंडलिकचा जोडीदार तो सोपान, असं ठरून गेलं. पहिला भाग यशराजनंच पाठवला होता, गेल्या पावसाळ्याच्या शेवटी. खाली लिहिलं होतं : हे बघ. आपल्यासारखं हाय.

आपल्यासारखं. ऋषिराजनं तो शब्द त्या दिवशी किती वेळा उघडून बघितला याला गणती नव्हती. कारण इतक्या वर्षांत यशराजनं असा शब्द वापरलेला नव्हता, आणि ऋषिराजनंही नाही. कॉलेजात असताना दोघं बारामतीत एका खोलीत राहायचे. वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली, उन्हाळ्यात भट्टी. दोन गाद्या होत्या, त्या आधी दोन भिंतींना होत्या, मग पंख्याखाली आल्या, मग एक झाल्या. पंखा एकच होता म्हणून. असंच ते एकमेकांना म्हणायचे, आणि कुणी खोलीवर आलं तर त्यालाही. गादीवर जे व्हायचं त्याबद्दल सकाळी कुणी बोलायचं नाही. सकाळी यशराज चहा करायचा, आलं जास्त घालायचा, आणि विचारायचा, आज लेक्चर कुठलं? मग कॉलेज संपलं. यशराजनं इंदापूरला खता-बियाण्यांचं दुकान टाकलं, निरवांगीहून रोज जाऊन-येऊन. ऋषिराज बारामतीत राहिला. भेटी होत राहिल्या, कधी भिगवणला, कधी कुठं. आणि सकाळी न बोलण्याची ती रीतही तशीच राहिली. त्यात त्याला फार दुःख होतं असं नाही. ज्याला नाव नाही त्याला कुणी नावंही ठेवत नाही. पण ‘आपल्यासारखं’ या शब्दानंतर ते बिघडलं. दर रविवारी नवा भाग येई. ऋषिराज बघे आणि कळवे, बघितला. यशराजचं उत्तर येई, भारी. दिवाळीनंतर यशराजचं लग्न ठरलं, तेव्हाही रविवार चुकला नाही. भाग यायचा, बघितला, भारी. लग्नाबद्दल दोघांत बोलणं झालं ते एवढंच, की फ्लेक्स तूच कर.

आता मालिका वाईट होती हे ऋषिराजला दुसऱ्या-तिसऱ्या भागातच कळलं होतं. वाईट म्हणजे खोटी. दोघं कसल्याशा ऑफिसात कामाला होते, पण काम करताना कधी दिसले नाहीत. प्रत्येक भागात त्यांना एकदा नूडलचं पाकीट घ्यावं लागे, आणि पाकिटावरचं नाव प्रेक्षकांकडं वळवून मगच फोडावं लागे. प्रत्येक वेळी जवळ येण्याच्या आत पाऊस यायचा, नाहीतर लिफ्ट बंद पडायची, नाहीतर दोघांतला एक जण जिन्यावरून घसरायचा आणि दुसऱ्यानं त्याला धरल्यावर कॅमेरा त्यांच्याभोवती असा फिरे, की बघणाऱ्याला मळमळावं. कुणाला घाम नाही. कुणाला आईचा फोन नाही. ऋषिराजच्या आईचा, प्रयागबाईचा, फोन रोज यायचा. जेवलास का आणि त्या काटेवाडीकडच्या पाव्हण्यांना काय सांगू, हे दोन प्रश्न ती एका दमात विचारायची, त्यामुळं पहिल्याला ‘व्हय’ म्हटलं तर दुसऱ्यालाही म्हटल्यासारखं होईल, या भीतीनं तो जेवलेला असतानाही ‘न्हाय अजून’ म्हणायचा. कुंडलिकला कुणी असं काही विचारत नव्हतं. तरीही ऋषिराज बघत राहिला. सगळं खोटं असूनही शेवटी एखादं वाक्य खरं निघेल, असं त्याला वाटत होतं. शेवटच्या भागात कुंडलिक सोपानला काहीतरी म्हणेल. ते आपण मराठीत करू. आणि यशराजला हळद लागायच्या आत ते वाक्य त्याला म्हणू. त्याचं स्वतःचं असं वाक्य त्याच्याकडं नव्हतं. त्यानं शोधून बघितलं होतं.

त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला आणि कंप्युटरवर यशराजच्या फ्लेक्सची फाईल उघडली. डाव्या कोपऱ्यात बिरोबा, उजवीकडं कारखान्याच्या माजी संचालकांचं हसू, मध्ये चि. यशराज आणि चि. सौ. कां. उत्कर्षा, मागं झेंडूचा मांडव. खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी पुतणी छकुली, दोन शेंड्या बांधलेली. आणि अगदी तळाला गोलागोलांत शुभेच्छुक. खांद्यावर बोटं होती. चार. अंगठा मागं गेलेला. निळ्या शर्टावर ती इतकी नीट बसली होती, की त्यानंच फोटो जवळ आणला आणि लांब नेला. बाकीच्या फोटोंत लोकांच्या कडा कशा पांढऱ्या, कुरतडल्यासारख्या राहतात. या बोटांना कड नव्हती. प्रत्येक बोटाभोवती रेघ फिरवलेली होती, बोटांच्या फटीतून मागचं पाणी काढून टाकलेलं होतं. चुकून राहिलेला हात असा राहत नाही. चुकून राहिला असता तर मनगटाच्या तुकड्यासकट राहिला असता, अर्धवट, घाणेरडा. पण मुद्दाम ठेवला असंही त्याला आठवेना. त्या दिवशी कंप्युटरच्या कोपऱ्यात लहान चौकोनात शेवटून दुसरा भाग चालू होता, आवाज बंद करून. माउस खांद्याच्या कडेनं चालला होता आणि त्या चौकोनात कुंडलिकचा हात सोपानच्या खांद्यावर आला होता, फक्त हात, माणूस चौकटीबाहेर. पुढचं त्याला आठवत नव्हतं. रेघ पुरी झाली होती, फाईल मशीनला गेली होती. आणि पहिल्या बोटाचं नख काळं होतं. फ्लेक्सच्या कडेला दोरीसाठी आयलेट ठोकायचं मशीन त्याच्या त्या बोटावर पडलं होतं त्या वर्षीचं ते नख. आता नवं आलं होतं.

फोटो भिगवणचा होता. उजनी धरणाच्या पाण्यात रोहित पक्षी बघायला बरेच लोक येतात, मोठ्या कॅमेऱ्यांचे. हे दोघं मासे खायला गेले होते आणि बोटवाला म्हणाला, चला की, रिकामीच चाललीय. पाणी मागं हटलं होतं. चिखलात गुलाबी पक्षी एका पायावर उभे होते आणि यशराज म्हणाला होता, ह्येंच्यात नर कुठला आन मादी कुठली कसं कळतं? बोटवाला म्हणाला, त्येंचं त्येंना कळतं, आपल्याला काय करायचंय. मग त्यानंच यशराजचा फोन घेऊन दोघांचा फोटो काढला. फोटो काढायला म्हणून ऋषिराजनं खांद्यावर हात ठेवला होता. गावाकडं सगळेच ठेवतात. शाळेच्या फोटोत, जत्रेत, मयतीत, कुठंही. त्यात लपवण्यासारखं काही नसतं, म्हणूनच तो हात तिथं ठेवता आला होता, आणि फोटो काढून झाल्यावरही, बोट काठाला लागेपर्यंत, काढला नव्हता. लग्नाच्या फ्लेक्ससाठी यशराजनं तोच फोटो पाठवला. दुसरे नव्हते असं नाही. साखरपुड्याचे ढीगभर होते, कोटातले. पण त्यानं तोच पाठवला, वर लिहिलं, यातच मी बरा दिसतो. काढ मला त्यातनं. तुला जमतं.

ठिगळ छापायला वेळ लागला नाही. यशराजचा दुसऱ्या बाजूचा, मोकळा खांदा उलटा करून घेतला, निळ्या शर्टाचा तेवढा चौकोन चिकटणाऱ्या कागदावर काढला. बापूसाहेब जेवून आले होते. त्यांनी चष्मा वर करून तो चौकोन हातात घेतला.

“खांदा कुणाचा हा?”

“निरवांगीच्या लग्नाचा. हात राहिलाय त्याच्यावर.”

“तुझ्याकडनं?” बापूसाहेब म्हणाले. त्यांना राग आला नव्हता, नवल वाटलं होतं. “मागं सोमेश्वरच्या त्या सत्कारात पाहुण्याला तीन कान झाले होते, ते आपल्या बबनचं काम म्हणून मी मिटवलं. आता कुणाच्या नावावर घालू?”

“माझ्याच घाला.”

“जा. आणि शिडी त्यांच्याकडची घे, आपली हलते.”

भवानीनगर मागं पडलं तसं ऊन अंगावर आलं. गाळप संपलं होतं, रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंनी तुटलेल्या उसाच्या जागी काळं पाचट आणि मधूनच एखादा पुन्हा फुटलेला हिरवा खोडवा. जंक्शन नावाच्या गावाला त्यानं गाडी थांबवली. एका हॉटेलात चहा सांगितला आणि फोन काढला, कारण शेवटचा भाग पुरा न बघता यशराजसमोर जाणं त्याला शक्य नव्हतं. वाक्य अजून यायचं होतं. भागाची शेवटची काही मिनिटं राहिली होती. विमानतळ तोच. कुंडलिकचा हात तसाच हवेत. मग चित्र हललं. कुंडलिक मागं वळला, सोपाननं श्वास घेतला, संगीत थांबलं, आणि कुंडलिक तोंड उघडून

गोल फिरतंय.

आणि बाकावर समोर बसलेला म्हातारा त्याला म्हणाला, “रेंज न्हाय हितं. तितं लिंबाखाली उभं ऱ्हावा. आमचा नातू तितं उभा ऱ्हातो पोरीसंगं बोलायला.” ऋषिराज चहाचा ग्लास घेऊन लिंबाखाली गेला. तिथं खरंच जमीन चपलांनी गुळगुळीत झाली होती; किती पोरं इथं उभी राहून काय काय बोलली असतील, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यांच्यापैकी कुणाला वाक्य बाहेरून आणावं लागलं असेल का, असंही. फोन हलला. कुंडलिक हिंदीतून म्हणाला, “हम हमेशा दोस्त रहेंगे.” सोपान म्हणाला, “हमेशा.” मग कॅमेरा वर आकाशात गेला. आकाशातून विमान गेलं. ‘पाच वर्षांनंतर’ अशी पाटी आली आणि सोपान एकटाच एका स्वच्छ स्वयंपाकघरात नूडल शिजवताना दिसला, दाराची बेल वाजली, तो हसला, आणि दार उघडायच्या आत भाग संपला. दारात कुंडलिक होता, की कुरिअरवाला होता, की कुणी बाई होती, काही कळायला मार्ग ठेवला नव्हता. वर नावं सरकायला लागल्यावर सगळे नट एका ओळीत येऊन नाचले. आधीच्या भागात मरण पावलेली आजीसुद्धा. प्रत्येकाच्या हातात नूडलचं पाकीट.

ऋषिराजनं चहा संपवला. राग यायला हवा होता, तो आला नाही. एखाद्यानं लांबून ओळखीचा समजून हात हलवावा आणि जवळ आल्यावर दुसराच निघावा, तसं काहीसं झालं. आपण हलवलेला हात मग कुठं ठेवायचा कळत नाही. खाली लोक चिडून लिहीत होते. कुणी ढाक्याहून, कुणी इंदूरहून. फसवलं, घाबरट लेखक, आमचे एवढे रविवार गेले. त्यानं ते थोडं वाचलं आणि ठेवून दिलं. त्या लोकांना पुढच्या महिन्यात दुसरी मालिका मिळणार होती. त्यानं यशराजला नेहमीसारखं कळवलं, बघितला. गाडी चालू करायच्या आत उत्तर आलं. भारी.

निरवांगीच्या स्टँडवर फ्लेक्स लांबूनच दिसला. छापताना कधी वाटत नाही एवढी माणसं इथं मोठी होतात. बोटं एकेक वितीची झाली होती. काळं नख सुपारीएवढं. फ्लेक्सखाली चहाच्या टपरीवर बिरू तात्या बसले होते, डोक्याला बिरोबाच्या भंडाऱ्यानं पिवळा झालेला पटका. त्यांच्या मागं यशराज उभा होता, हातात फोन, त्यावर कुणीतरी रोपं कधी येणार ते विचारत होतं. लग्न परवावर आलं तरी गिऱ्हाईक सुटत नव्हतं. त्यानं मानेनंच ये म्हटलं. तात्यांच्या तरुणपणी घरची मेंढरं पार कोकणापर्यंत जायची. आता एकच शेळी होती, पण तात्या अजून माणसाकडं कळपातलं जनावर निरखावं तसं बघत, आधी पाय, मग तोंड.

“वाळलास,” तात्या म्हणाले. “बारामतीत जेवाय मिळत न्हाय व्हय?”

“मिळतं की.”

“मग लगीन कर. यशाचं झालं की तुझंच हाय बघ. प्रयागबाई भेटली हुती बाजारात, म्हणली, पोरगं व्हय म्हणंना आन न्हाय बी म्हणंना.”

“आबा, आधी त्याला चहा तर घिऊ द्या,” यशराज बापाला म्हणाला. मग ऋषिराजकडं न बघता, टपरीवाल्याला दोन बोटं दाखवत म्हणाला, “काय म्हणतोय मग कुंडलिक?”

चारचौघांत असंच बोलायचं, ही त्यांची जुनी सवय होती. कुंडलिक आणि सोपान ही नावं त्यासाठीच बरी होती.

“कोण कुंडलिक?” तात्या म्हणाले.

“हाय एक. आमच्या कॉलेजातला.”

“त्याचं झालं का लगीन?”

ऋषिराज काही बोलायच्या आत यशराज म्हणाला, “झालं की, आबा. आजच झालं. ह्यो तितनंच आलाय. जोरात झालं म्हणं.” आणि त्यानं ऋषिराजकडं बघून डोळे बारीक केले, हसल्यासारखे, भाग दोघांनी मिळून बघितल्यासारखे.

टपरीवाल्यानं चहा आणून ठेवला. ऋषिराजनं ग्लास उचलला, तो पोळला, म्हणून परत ठेवला. त्या भागात लग्न नव्हतं. कुठल्याच भागात नव्हतं.

“न्हाय झालं, तात्या,” तो म्हणाला.

“आं? ह्यो तर झालं म्हणतोय.”

“त्याला ठाव न्हाय.”

“का बरं न्हाय झालं?”

“जमलं न्हाय.”

“पत्रिका?”

“ती बघितलीच न्हाय कुणी.”

“मग काय तर,” तात्या म्हणाले, आणि उठले. त्यांना मांडववाल्याकडं जायचं होतं. “शिडी हाय बघ पल्याड टेकवलेली. यशा, धर नीट. ह्येला पाडलंस तर म्हातारी खरंच अपशकुन धरंल.”

शिडीवर चढताना खालून शुभेच्छुक सरकत गेले. अमोल, दत्ता, सागर, आप्पा. त्यांच्यात एका गोलात ऋषिराज होता. तोही त्याच फोटोतून कापलेला. वेगळा फोटो शोधायचा त्याला कंटाळा आला होता. गोलात त्याची मान जरा एका बाजूला कललेली होती आणि एक खांदा वर उचललेला, जणू तो हात लांब करून काहीतरी धरायला गेला आहे आणि गोलाच्या कडेनं तो हात कोपराच्या वर तोडला आहे. त्याला वाटलं होतं तेवढं ते विचित्र दिसत नव्हतं. या फ्लेक्सवर सगळेच कुठून ना कुठून तोडून आणलेले होते. उत्कर्षाच्या केसांत कुणाच्या तरी कोपराची सावली राहिली होती. ती कुणाला दिसली नव्हती, आणि त्या पोरीचा कशातच काही दोष नव्हता. तो वर पोचला. यशराजचा कान त्याच्या तोंडाएवढा झाला होता. जवळून बघितलं की चेहरा राहत नाही, नुसते ठिपके राहतात, तांबडे, पिवळे, निळे. हे त्याला रोजच्या कामानं माहीत होतं. तरी त्यानं कानाकडं बघून बोलल्यासारखं, खालच्या खऱ्या यशराजला म्हटलं,

“तू बघितला न्हाईस.”

“काय?”

“शेवट.”

रिकामी बैलगाडी गेली, तिचा आवाज पुलापर्यंत ऐकू येत राहिला.

“सातव्यानंतर न्हाय बघितलं,” यशराज म्हणाला.

सातव्या भागात सोपाननं घरी सांगितलं होतं. ते तेवढं बरं जमलं होतं त्यांना. सोपानचा बाप नुसता टेबलावरचं मीठ इकडून तिकडं ठेवत राहिला होता. तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

“मग भारी-भारी काय पाठवत हुतास?”

“तू बघत हुतास न्हवं. म्हटलं, असंल भारी.”

“बंद का केलंस?”

यशराजनं शिडी दुसऱ्या हातानं धरली. टपरीवाला भांडी विसळत होता, त्याच्याकडं त्यानं एकदा बघून घेतलं. मग फ्लेक्सच्या बांबूला काहीतरी सांगावं इतक्या हळू म्हणाला,

“शेवट गोड केला असता त्यांनी, तर? मी काय करायचं हुतं मग?”

ठिगळाची मागची पट्टी ऋषिराजच्या नखाला सापडत नव्हती. तो ती शोधत राहिला. म्हणजे इतके रविवार तो एकटाच बसला होता. तो तिकडून खरं निघेल म्हणून बघत होता आणि हा इकडं, खरं निघेल म्हणूनच बघत नव्हता. एका पाण्यात दोघं दोन काठांना पाय सोडून बसल्यासारखे. आणि दोघांच्यात कोण जास्त भ्यालं होतं, हे त्याला सांगता आलं नसतं. ‘आपल्यासारखं’ हा शब्द खोटा नव्हता, एवढं मात्र त्याला आता कळलं. खोट्या शब्दाला माणूस इतकं भीत नाही.

“कसा केलाय?” खालून यशराजनं विचारलं.

आता वाक्य त्याच्या हातात होतं. गोड केलाय, असं म्हटलं असतं तरी यशराजनं तपासून बघितलं नसतं. ते त्याच्या खांद्यावर राहिलं असतं, परवा मांडवात, आणि पुढं इंदापूरच्या दुकानात खताची पोती उतरवताना, आणि उत्कर्षानं चहात आलं कमी घातलं का विचारल्यावर. ऋषिराजला ते काही क्षण फार हवंसं वाटलं. मग पट्टीचं टोक सुटलं.

“गंडवलाय,” तो म्हणाला. “इमानतळावर हात सोडतो आन जातो. दोस्त ऱ्हाऊ म्हणतो. मग शेवटाला सगळी नाचत्यात, नूडलचं पाकीट घिऊन.”

“पाकीट घिऊन?”

“व्हय. मेलेली आजी पण.”

यशराज हसला. शिडी हलली आणि ऋषिराजनं फ्लेक्स धरला. यशराजचं हसू बराच वेळ चाललं, आणि ते थांबलं तेव्हा तो मोठा श्वास सोडून म्हणाला, “मग बरं झालं.” हा आवाज ऋषिराजच्या ओळखीचा होता. पत्र्याच्या खोलीत लाईट आल्यावर, पंखा फिरायला लागल्यावर, तो असाच म्हणायचा.

त्यानं ठिगळ लावलं. आधी वरची कड, मग हळूहळू खाली. नख गेलं, मग बोटं एकेक करून गेली. बुडबुडे राहू नयेत म्हणून दाबून घ्यावं लागतं, त्याला एक प्लॅस्टिकची पट्टी असते, ती तो दुकानात विसरला होता. म्हणून त्यानं तळवा ठेवला, बरोबर त्याच जागी, आणि मधून कडेकडं, मधून कडेकडं, असा फिरवत राहिला. ऊन लागून फ्लेक्स तापला होता. अंगासारखा. बुडबुडे सगळे निघाल्यावरही त्यानं हात काढला नाही. खाली यशराजनं शिडी हलू दिली नाही.

खाली उतरल्यावर दोघांनी मागं सरून बघितलं. फ्लेक्स आठवडाभर उन्हात होता, त्यामुळं शर्टाचा निळा विटून आकाशासारखा झाला होता. ठिगळ नव्या शाईचं, गर्द. नवरदेवाच्या खांद्यावर एक निळाभोर चौकोन स्टँडच्या त्या टोकापासून दिसला असता.

“दिसतंय,” यशराज म्हणाला.

“उन्हानं एक होईल रंग.”

“लगीन परवा हाय.”

“मग दिसंल.”

तात्या मांडववाल्याला घेऊन परत येत होते. त्यांनी चालता चालता वर बघितलं, थांबले, मान डोलावली. “आता कसं,” ते म्हणाले. “आता नवरदेव दिसतुया. चला, सारजा जेवायची थांबलीय.” आणि मांडववाल्याशी बोलत ते पुढं गेले.

यशराज अजून वरच बघत होता. त्याचा हात आपोआप स्वतःच्या खांद्याकडं गेला, तिथं कॉलर नीट केल्यासारखं करून खाली आला.

“हात बरा हुता,” तो म्हणाला.

ऋषिराजनं शिडीचं मागचं टोक उचललं. यशराजनं पुढचं. शिडी जुनी, बांबूची, जड होती. दोघांच्या मध्ये तेवढं अंतर ठेवून ते घराच्या रस्त्याला लागले. रस्ता वाकडा होता. पुढचा वळला की मागच्याला वळावं लागत होतं, आणि मागचा थांबला की पुढच्याला थांबावं लागत होतं.